नाशिकची हवा, शेतातला धूर आणि सरकारी योजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा निफाड तालुक्यातला, द्राक्षबागेच्या घरातला. गेली बरीच वर्षं पंचवटीत राहतो. रविवारी गावी गेलो की ओट्यावर कोणी ना कोणी सातबारा घेऊन येतं, "जरा ऑनलाईन बघ ना." इकडे शहरात सोसायटीतले लोक विचारतात, "सकाळी फिरायला जावं की नको?" प्रश्न दोन टोकांचे वाटतात, पण उत्तरं शोधताना ती एकमेकांत गुंतलेली सापडतात. म्हणून सगळे प्रश्न एकाच ठिकाणी लिहून काढले आहेत.

नाशिकची हवा तर चांगली म्हणतात. मग नाव प्रदूषित शहरांच्या यादीत कसं?

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सलग काही वर्षं ठरलेल्या मानकात बसली नाही, ती शहरं त्यात घेतली. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्यासोबत नाशिकही आलं. मानक २००९ चं आहे : हवेतल्या बारीक कणांपैकी पीएम १० ची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत आणि पीएम २.५ ची ४० च्या आत हवी. दिल्लीशी तुलना केली तर आपण सुखी आहोतच. पण मोजपट्टी दिल्ली नाही, आपल्या मुलांची फुप्फुसं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक ५ चा आकडा सुचवला. म्हणजे आपलं मानकच त्याच्या आठपट सैल आहे.

पीएम १० आणि पीएम २.५ म्हणजे नेमकं काय?

ओटा झाडताना उडते ती धूळ बहुतेक पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. नाकात अडकते, शिंका येतात, घसा खवखवतो. चुलीपुढे बसल्यावर डोळ्यांत जातो तो धूर बहुतेक पीएम २.५. तो नाकात थांबत नाही, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि त्यातला काही रक्तातही उतरतो. एक धूळ, एक धूर. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या उत्तरांत तो लागणार आहे.

आजचा आकडा कुठे पाहायचा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर. गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी आणि अंबड एमआयडीसी इथल्या केंद्रांचे हवा गुणवत्ता निर्देशांकाचे (एक्यूआय) आकडे तिथे दिसतात. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, त्यापुढे अति वाईट आणि ४०० नंतर गंभीर. 'मध्यम' या शब्दावर जाऊ नका. दमेकरी माणसाला आणि लहान मुलांना त्याच टप्प्यापासून त्रास सुरू होतो. आणि ग्रामीण वाचकांना एक सांगतो : ही चारही केंद्रं शहरातली आहेत. शहरात आकडा हिरवा दिसतो म्हणून निफाड, दिंडोरीच्या शिवारातली हवा स्वच्छ आहे, असं त्यावरून ठरवता येत नाही.

हिवाळ्यातच हवा का बिघडते? गाड्या तर वर्षभर चालतात.

रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्या लगतची हवाही. वर थोडी उबदार हवा असते, तिचं झाकण बसतं. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. वाराही पडलेला असतो. पहाटे गोदाकाठी जो पांढरा थर दिसतो, त्यात धुकं किती आणि धूर किती हे नाकाने ओळखता येतं. नुसत्या धुक्याला जळकट वास नसतो. नऊ-दहा वाजता ऊन चढलं की झाकण उघडतं. म्हणून फिरायला जायचंच असेल तर थंडीत पहाटे पाचऐवजी उशिरा किंवा संध्याकाळी दिवेलागणीआधी जा.

स्वच्छ हवेसाठी आलेला पैसा जातो कुठे?

बराचसा धुळीवर. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या देशभरातल्या खर्चाचा हिशेब मांडला. ६४ टक्के रक्कम रस्त्यावरच्या धुळीसाठी, म्हणजे रस्ते दुरुस्ती, झाडणारी यंत्रं, पाणी मारणं यावर गेली होती. काडीकचरा जाळणं थांबवण्यावर साधारण साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास आणि उद्योगांवर एक टक्काही नाही.

याचं कारण उद्दिष्टातच आहे. कार्यक्रमाचं यश मोजलं जातं पीएम १० वर : २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट. धूळ कमी केली की पीएम १० चा आकडा लवकर खाली येतो, म्हणून शहरं धुळीमागे लागतात. धूळ कमी व्हायलाच हवी, मुंबई नाक्यावर आणि द्वारकेला उभं राहणाऱ्या कोणालाही हे पटेल. पण आपल्याकडे सातपूर आणि अंबडच्या वसाहती शहरात आहेत, एकलहऱ्याचं ६३० मेगावॉटचं कोळशावरचं औष्णिक केंद्र शेजारी आहे, मुंबई-आग्रा महामार्ग मधून जातो आणि चारही बाजूंना बागायत आहे. धुराचा हिशेब धुळीइतकाच गांभीर्याने मांडला नाही, तर आकडा सुधारेल आणि खोकला तसाच राहील. माझं या सगळ्यातलं मुख्य म्हणणं हेच आहे.

शेतातल्या धुराचा शहराशी काय संबंध?

धुराला महापालिकेची हद्द कळत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, तो धूर आधी शेतकऱ्याच्याच छातीत जातो.

लहानपणीचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की वडील रात्री दोनला उठायचे. बागेच्या चारी बाजूंनी शेकोट्या पेटवायच्या, कारण मण्यांत पाणी उतरत असताना कडाक्याची थंडी पडली की मणी तडकतात, वर्षाचं पीक हातचं जातं. ओला पाला, भुसा, आणि धूर टिकावा म्हणून जुनं टायर. टायर पेटलं की काळा, जड धूर वेलींच्या मांडवाखाली सरपटत जायचा. सकाळी वडिलांच्या उपरण्याला तो वास असायचा, धुतल्यावरही जायचा नाही. त्यांचा खोकला मार्चपर्यंत चालायचा. आम्ही त्याला थंडीचा खोकला म्हणायचो.

मग थंडीत बाग वाचवायची कशी? शेकोटीचा सल्ला तर कृषी सल्ल्यातच असतो.

असतो, आणि तिथेच धोरणाने स्वतःचं बोलणं जुळवायला हवं. एक खातं धूर करा म्हणतं, दुसरं धूर कमी करा म्हणतं. शेतकऱ्याने कोणाचं ऐकायचं?

त्याच सल्ल्यात पहाटे पाणी देण्याची गोष्टही असते आणि माझ्या अनुभवात ती जास्त कामाची आहे. विहिरीचं पाणी थंडीतही हवेपेक्षा कोमट असतं. ओली जमीन ऊब धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. पहाटे ठिबक चालू केलं आणि बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, आच्छादन असलं, तर मुळांचा भाग टिकून राहतो. यासाठी पहाटे वीज लागते, हे खरं दुखणं. शेकोटी करायचीच वेळ आली तर सुका काडीकचरा वापरा. टायर, प्लास्टिक, रबर अजिबात नको. त्याने बाग काही जास्त ऊबदार होत नाही, फक्त धूर विषारी होतो.

छाटणीच्या काड्यांचं काय करायचं? न जाळता ठेवल्या तर रोग येतो ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, दोन्ही वेळा ओळीओळीत काड्यांचे ढीग पडतात. मजूर लावून ते बांधावर आणायचे आणि काडी ओढायची, ही रीत. भीती खोटी नाही. पिठ्या ढेकूण सालीखाली लपतो, खोडकिड्याच्या अळ्या जुन्या लाकडात असतात, डावणी आणि करप्याचे अवशेष पानांवर राहतात.

पण सगळी काडी रोगट नसते. कीड लागलेलं जाड खोड आणि रोगट फांद्या बाजूला काढा, त्या बागेबाहेर न्या. उरलेली निरोगी काडी ट्रॅक्टरवरच्या श्रेडरने बारीक करा आणि ट्रायकोडर्मा (काडी कुजवणारी उपयुक्त बुरशी), शेण-गोमूत्राची स्लरी टाकून बोदावर पसरा. उन्हाळ्यात बोद झाकलेला राहिला की पाणी कमी लागतं, पांढरी मुळी वर येते आणि कालांतराने जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. गावातल्या एका बागेत मी तिसऱ्या वर्षी हाताने बोद उकरून पाहिला. वरच्या थराखाली काळी, भुसभुशीत माती आणि मूठभरात चार-पाच गांडुळं. शेजारच्या जाळणाऱ्या बागेत तीच माती ढेकळासारखी होती.

श्रेडर एकट्याला परवडत नाही. कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, यंत्रानुसार कमाल मर्यादा वेगळी. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एक यंत्र घेऊन भाड्याने फिरवणं सगळ्यांत शहाणपणाचं.

उसाचं पाचट आणि मल्चिंग पेपर?

पाचट सरीत ठेवा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, वर हलकं पाणी. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, याचा फार फायदा होतो. मल्चिंग पेपर मात्र प्लास्टिक आहे, तो मातीतही नको आणि आगीतही नको. गुंडाळून भंगारात द्या. माती लागलेला पेपर भंगारवाले घेत नाहीत ही तक्रार खरी आहे. टोमॅटो, मिरचीच्या पट्ट्यात बाजार समितीने तो गोळा करायची सोय केली, तर अर्धा प्रश्न सुटेल.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात राब भाजतात. तेही बंद करायचं का?

बंद करा म्हणून आदेश काढणं सोपं आहे. राब भाजणं म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून जाळणं. ते करतात तण जळावं, रोपं जोमदार यावीत म्हणून, आणि डोंगरउतारावर भात-नागली करणाऱ्याकडे तणनाशकाला पैसे नसतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि माळावरचं शेण गोळा करावं लागतं, हे नुकसान त्यांनाही कळतं. पर्याय आपल्याच राज्यात तयार झाले आहेत. चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळतात, गिरीपुष्पाचा पाला चिखलात घालतात, ठरावीक अंतरावर रोपं लावतात आणि खताच्या गोळ्या खोल देतात. नेरळची सगुणा भात पद्धत तर गादीवाफ्यावर थेट टोकण करते, म्हणजे राबही नाही, चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. प्रात्यक्षिक पाड्यावर झालं पाहिजे, तालुक्याच्या सभागृहात नव्हे.

शेतात जाळलं तर दंड होतो का?

उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. टायर, प्लास्टिक जाळणं याच प्रकारातलं. पराली जाळण्याचा एकरानुसार दंड टीव्हीवर ऐकता, तो दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठी आहे. आपल्या गावात तो लागू झाला म्हणून कोणी घाबरवत असेल तर विश्वास ठेवू नका.

सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती, योजना वेगळ्या आहेत का?

हो. परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून आहे. गट करून सेंद्रिय शेती, तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५ हजार निविष्ठांसाठी, म्हणजे बियाणं-खतांसारख्या वस्तूंसाठी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात. प्रमाणपत्र गटाच्या परस्पर तपासणीचं, म्हणजे पीजीएस. देशातल्या बाजाराला ते चालतं, निर्यातीला त्रयस्थ संस्थेचं लागतं. नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं, २,४८१ कोटींचं. त्यात जीवामृत-बीजामृतासारख्या निविष्ठा गावातच तयार करण्यावर भर आहे आणि गावोगावी कृषी सखी नेमायच्या आहेत. राज्याचं डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन आधी विदर्भापुरतं होतं, आता राज्यभर आहे.

द्राक्षाला हे जमेल का? प्रामाणिकपणे सांगा.

पूर्ण नैसर्गिक पद्धतीने निर्यातीची द्राक्षं काढणं आज बहुतेकांच्या आवाक्यात नाही. अवकाळी पाऊस आला की तीन दिवसांत डावणी बाग खाते. पण फवारण्या कमी करणं नक्की जमतं, आणि त्याची किंमत आपल्याला माहीत आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, कित्येक घरं कर्जात गेली. तेव्हापासून काढणीपूर्व काळ (शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर) पाळणं, नोंदवही लिहिणं, अंश तपासणी करून घेणं अंगवळणी पडलं. हवामान केंद्राचा अंदाज पाहून फवारणी घ्या, वारा असताना ब्लोअर चालवू नका. बागेशेजारी शाळा किंवा वस्ती असेल तर मुलं सुटायच्या वेळेला तर नकोच. भाजीपाला, गहू, हरभरा यांत नैसर्गिक पद्धत आधी एका एकरावर करून बघा.

युरियाचा हवेशी संबंध असतो हे खरं का?

खरं आहे. वरून फेकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. गाड्या आणि कारखान्यांच्या वायूंशी तो मिसळला की त्यातून पीएम २.५ चे कण तयार होतात. म्हणजे धूर न काढताही शेतातून बारीक कण जातात. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून हात सैल सुटतो. माती परीक्षण करून, ठिबकमधून हप्त्याहप्त्याने दिलं तर पैसा आणि हवा दोन्ही वाचतात.

ठिबकचं अनुदान किती आणि कसं?

केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५. राज्य त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून भर घालतं, म्हणजे अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि आता फार्मर आयडीशिवाय पुढे जात नाही.

एक गोष्ट आमच्या घरी घडली म्हणून कळकळीने सांगतो. भावाने एका विक्रेत्याच्या शब्दावर संच आधी बसवून घेतला, "पूर्वसंमती मागाहून येतेच." आली नाही. बिलाची तारीख पूर्वसंमतीआधीची, अर्ज बाद. पंच्याहत्तर टक्क्यांचं अनुदान एका तारखेपायी गेलं. पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय एक नळीसुद्धा घेऊ नका. सातबारा, आधार आणि बँक पासबुक यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही आधी पाहा.

सौर पंप घ्यावा का? कृषीपंपाला वीज तर मोफतच आहे.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, पण ती रात्री आली तर बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जावं लागतं. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात हे कोणाला वेगळं सांगायला नको. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. जिथे डिझेल इंजिन चालतं तिथे तर नक्की घ्या. पहाटे थंडीत पाणी द्यायला मात्र तो उपयोगी नाही, हे द्राक्षवाल्यांनी धरून चालावं.

इलेक्ट्रिक गाडीला राज्याकडून काय मिळतं?

२०२५ च्या धोरणात, जे मार्च २०३० पर्यंत आहे, दुचाकी, तीनचाकी, कार आणि बस यांच्या खरेदीत सवलत आहे. मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्कही माफ. इलेक्ट्रिक कार आणि बसला समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे, म्हणजे इगतपुरी किंवा सिन्नरहून समृद्धीला लागणाऱ्या नाशिककरांना थेट फायदा. शेतीच्या इलेक्ट्रिक ट्रॅक्टरचाही धोरणात समावेश आहे. जुनीच गाडी असेल तर निदान पीयूसी खरी काढा. ती नसेल तर १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

स्वतःची गाडी न काढता नाशिकमध्ये चालतं का?

निमाणी किंवा सीबीएसहून मुख्य रस्त्यांवर चालतं. गल्लीत आणि रात्री नऊनंतर अवघड. महापालिकेची सिटीलिंक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, बहुतेक बस सीएनजीवर. केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत नाशिकचाही समावेश आहे. मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले होते, पण तिच्यावर विसंबून कोणी घर घेऊ नये. मला विचाराल तर पाच मिनिटांनी येणारी साधी बस आणि चालता येईल असा पदपथ, हे सगळ्यांत स्वस्त स्वच्छ वाहतूक धोरण आहे. आज शालिमारला म्हातारं माणूस गाड्यांमधून वाट काढत रस्त्यावरून चालतं.

कुंभमेळ्याने हवा आणखी बिघडेल का?

२०२७ च्या मुख्य पर्वण्या पावसाळ्यात आहेत, तेव्हा हवा एरवीही धुतलेली असते. धोका त्याआधीच्या कामांचा आहे : खोदलेले रस्ते, खडी, उघडे डंपर. कंत्राटात पाणी मारणं आणि ताडपत्री झाकणं लिहिलेलं असतं, ते करून घ्यायचं काम प्रभागातल्या लोकांचंही आहे. आणि तपोवनातली झाडं. २०२५ च्या शेवटी साधुग्रामासाठी ती तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. मीही गेलो होतो. धूळ अडवायला कोटींची यंत्रं घ्यायची आणि फुकट धूळ अडवणारं झाड तोडायचं, हे मला पटत नाही.

कचरा किंवा टायर जळताना दिसलं तर तक्रार कुठे करायची?

शहरात महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात : पंचवटी, पूर्व, पश्चिम, सातपूर, सिडको किंवा नाशिक रोड. 'समीर' अ‍ॅपवरही तक्रार टाकता येते. फोटोत जवळची खूण येऊ द्या, वेळ लिहा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. कारखान्याच्या धुराड्याबद्दल असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. गावात कोणी बांधावर जाळत असेल तर आधी तक्रार नको. एक चहा घ्या त्यांच्याकडे, आणि श्रेडर कोणाकडे भाड्याने मिळतो तो नंबर द्या.